सामायिक संगणक आणि मालवेअर : अधिकार कोणाकडे असावेत?

कृषी विज्ञान केंद्रात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात एकच संगणक अनेकजण वापरतात. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र काढले की संगणक सुरक्षित झाला, हा समज अर्धाच खरा आहे. संरक्षण ठरते ते खात्याला दिलेल्या अधिकारांवरून.

नव्या विंडोज संगणकावर काढलेले पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते आणि पुष्कळ ठिकाणी सर्वजण तेच वापरत राहतात. या खात्यात नवा प्रोग्रॅम बसविताना केवळ ‘होय’वर क्लिक करावे लागते. ती संमती मालवेअरला मिळाली, तर तो अँटिव्हायरस बंद करू शकतो व इतरांच्या फायलींपर्यंत पोहोचतो. स्टँडर्ड खात्यात मात्र अशा वेळी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो.

अधिकारांचे मोल 27 जून 2017 रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने दाखवून दिले. ज्या न्हावा-शेवा बंदरातून राज्याची द्राक्षे व कांदा परदेशी जातो, तेथील एका टर्मिनलचे कामकाज त्याने विस्कळीत केले. विंडोजमधील ज्या त्रुटीचा त्याने लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. परंतु त्याचा दुसरा मार्ग अधिक घातक होता. बाधित संगणकाच्या मेमरीतून तो ॲडमिनिस्ट्रेटरची ओळख चोरी व तिच्या बळावर दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरे.

म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर खाते वेगळे ठेवून ते प्रोग्रॅम बसविण्यापुरतेच उघडावे. पासवर्ड एक-दोघांकडेच असावा. दैनंदिन काम स्टँडर्ड खात्यातून व्हावे. बदली झालेल्यांची खाती बंद करावीत. मराठी टंकलेखनासाठी पेन ड्राइव्हवरून फिरणारी ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर बसविण्याची मोठी खोड आहे. वास्तविक विंडोजमध्ये मराठी कळफलक विनामूल्य असतो.

तथापि स्टँडर्ड खात्यालाही मर्यादा आहेत. सर्वांना लिहिता येणाऱ्या सामायिक फोल्डरमधील फायली खंडणीखोर मालवेअर कोणत्याही खात्यातून कुलूपबंद करू शकतो. कीड सर्वेक्षणाच्या नोंदी व सभासद-याद्या बहुधा तेथेच असतात. त्यांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि डिस्क लगेच काढून ठेवावी. ती जोडलेलीच ठेवणे म्हणजे बियाणे कीडग्रस्त धान्याच्या कणगीत साठविणे होय.

विंडोज 10 चे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहे, हेही ध्यानी घ्यावे.

बाधेचा संशय येताच प्रथम नेटवर्कची जोडणी तोडावी. त्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडण्याची घाई करू नये; कारण मालवेअरला नेमकी तीच ओळख हवी असते. सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची तपासणी साधने विनामूल्य आहेत, ती दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून उतरवून घ्यावीत.