फुलपाखरांसाठी पानांचा वाटा

नागपूरच्या रामदासपेठेसारख्या जुन्या वस्तीत बंगल्याच्या परसात लिंबू व कढीलिंब ही नेहमीची झाडे. फुलपाखरांची बाग करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम या झाडांकडे पाहावे, गुलाबाच्या ताटव्याकडे नव्हे. मध हे प्रौढ फुलपाखराचे अन्न होय. त्याची अळी मात्र ठराविक वनस्पतींचीच पाने खाते. रुई, पानफुटी, कढीलिंब यांवर निरनिराळ्या जातींच्या माद्या अंडी घालतात. लिंबाच्या कोवळ्या पालवीवरील लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाची शिंगे बाहेर काढते.

अडचण येथेच आहे. संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी रोपे निष्पर्ण करते. तेथे तिचा बंदोबस्त करणे बागायतदारास भागच आहे. परंतु घराच्या किंवा शाळेच्या आवारातील वाढलेल्या लिंबास हाच न्याय लावण्याचे कारण नाही. चार पाने गेल्याने असे झाड मरत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या राणी पाकोळीची अळीही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते.

मधासाठी उन्हाच्या जागी झेंडू व जास्वंद लावावी. तण म्हणून उपटली जाणारी एकदांडीही थोडी राहू द्यावी. मातीचा एक कोपरा ओलसर ठेवावा. तेथील क्षार शोषण्यास नर फुलपाखरे बसतात. कीटकनाशक फवारू नये. कुरतडलेली पाने दिसताच माळी फांदी छाटतो. त्यास आधीच सांगून ठेवावे.