एका पेशीचा दोरा

आजी देवाच्या वाती वळत असली की शेजारी जाऊन बसा आणि तिच्याकडून चिमूटभर कापूस मागून घ्या. आधी तो नुसताच ओढा. तुटला ना? आता बोटांनी पीळ देत देत हळूहळू ओढा. झाला दोरा! कापूस तोच, मग हे बळ आलं कुठून?

कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, ही मात्र नुसत्या डोळ्यांना दिसते! कपाशीला फूल येतं, तेव्हापासूनच सरकीच्या सालीवरच्या हजारो पेशी लांब व्हायला लागतात. बोंड फुटलं की त्यांच्यातलं पाणी सुकतं, पोकळ नळी चपटी होते आणि आपोआप वेटोळी पडतात. पीळ दिला की हे वेटोळे तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात. घर्षण वाढतं, ते सहजासहजी निसटत नाहीत.

आपल्या बहुतेक देशी वाणांचे तंतू आखूड, जेमतेम दोन सेंटिमीटरचे. गिरणीतल्या वेगवान यंत्रांना लांब तंतू हवे असतात, म्हणून अमेरिकी कपाशी पसरली आणि देशी मागे पडली. पण देशी कपाशीची मुळं खोल जातात, कमी पावसातही ती तग धरते. आणि हाताने कातणाऱ्याला घाई कुठे असते? पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, तो आखूड तंतूही सांभाळून ओढतो.

हातमागाला सूत पुरवायचं तर कातणारे हात पुष्कळ लागतात. म्हणून 1929 मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचा: आठ तासांत 16,000 फूट, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर सूत निघावं. बाईला फार कष्ट न पडता तो दिवसभर चालवता यावा. किंमत 150 रुपयांच्या आत, आणि वीस वर्षं टिकायला हवा! मला तर या अटी फार आवडतात. झोपडीतल्या माणसाचा विचार करून यंत्र मागणारी स्पर्धा ती.

ही स्पर्धा किर्लोस्करवाडीपर्यंतही पोहोचली. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर 1910 मध्ये हे गाव वसलं. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. तिथे लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्यानेही या स्पर्धेसाठी चरखा तयार केला. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथांनी अंबर चरखा बनवला, एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत कातणारा.