दारी हत्ती बांधल्यावर

दारी हत्ती झुलणे हे आपल्याकडे वैभवाचे लक्षण मानलेले आहे. त्या हत्तीस रोज चारा किती लागतो आणि माहुताचा पगार कोणी द्यावयाचा, याविषयी मात्र म्हणी रचणाऱ्यांनी मौन पाळले. आमच्या दारी २०२१ च्या दसऱ्यास असा एक हत्ती आला. १९९५ सालची, करड्या रंगाची मर्सिडीज ई २२०. आमचे चिरंजीव पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. नव्या लहान मोटारीच्या निम्म्याहून कमी किमतीत ही गाडी मिळते आहे, हे त्यांनी कळविले तेव्हा आम्ही हिशेबाची वही पुढे ओढली. पण त्यांच्या मातोश्रींनी होकार आधीच देऊन टाकला होता. आळीतल्यांनी पुढले आठ दिवस आमच्या पगाराची चौकशी केली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या असा प्रसंग येईल, कारण जुन्या आलिशान मोटारी आता पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत. स्वस्त होते ती खरेदी. सुट्या भागांची किंमत गाडीच्या वयाबरोबर उतरत नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे.

आमच्या गाडीचे कूळ मोठे आहे. डब्ल्यू १२४ या नावाने ओळखली जाणारी ही घडण जर्मनीत १९८४ मध्ये तयार होऊ लागली. हिंदुस्थानात तिची जुळणी १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे, टेल्कोच्या आवारात सुरू झाली. कंपनीचा कारखाना चाकणला गेला तो पुढे २००९ मध्ये. म्हणजे कूळ जर्मन असले तरी जन्म पुण्याचा. घरात याचे कौतुक फार. समोरच्या काचेवर हिला वायपर एकच आहे. तो नुसता फिरत नाही. फिरता फिरता आतबाहेर सरकून काचेच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. पहिल्या पावसात आमची नात हा खेळ पाहण्यासाठी गाडीतून उतरेना. त्या यंत्रणेस अधूनमधून ग्रीस लागते, ते न दिल्यास वायपर अडखळू लागतो, हे आम्हांस दुसऱ्या पावसाळ्यात कळले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गाडी आली तेव्हा आम्ही तिच्यावर खर्च केला तो असा : रंगास चकाकी, आसनांस नवी गवसणी, चाकांच्या मधल्या चकत्या. यंत्राचे तेल बदलले आणि ‘बाकी सगळे ठीक आहे’ या एका गॅरेजवाल्याच्या शब्दावर विसंबलो. त्याने ब्रेकचे पॅड पाहिले होते आणि ते खरोखरच जाड होते.

मे २०२२ मध्ये धुळ्यास पुतणीचे लग्न होते. चिरंजीव चालवीत होते, शेजारी आम्ही, मागे आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, सौ. आणि नात. आग्रा-मुंबई मार्गावर मानपूर सोडल्यावर गणपती घाट लागतो. खलघाटच्या बाजूस उतरणाऱ्या त्या लांब उताराची कीर्ती माळव्यात कोणास सांगावयास नको; ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींचे अपघात तेथे कितीतरी झाले आहेत. पुढे मालमोटारींची रांग होती, म्हणून चिरंजीव सारखा ब्रेक दाबून होते. अर्ध्या उतारावर ते हळूच म्हणाले, “बाबा, पेडल खाली चाललंय.” आवाज त्यांनी चढविला नाही, कारण मागे आजी होती. आम्ही पाहिले तो पाय जमिनीस टेकलेला आणि गाडी तशीच पुढे जाते आहे.

त्यांनी गिअर एकेक करून खाली आणला, तसा यंत्राने वेग धरून ठेवला. पेडल भराभर दाबून सोडून थोडी पकड मिळाली. डाव्या हातास खडीचा रुंद पट्टा आला तेथे गाडी घातली, आणि पुढील मालमोटारीपासून दोन-तीन हातांवर ती उभी राहिली. मातोश्रींना वाटले, चहासाठी थांबलो. आम्ही तसेच वाटू दिले. अर्ध्या तासाने पेडल पाहिले तो पूर्वीसारखे घट्ट!

हा चमत्कार कसा घडला, ते इंदुरास परतल्यावर दुसऱ्या एका वृद्ध कारागिराने समजाविले. त्यांना सारे उस्ताद म्हणतात. त्यांनी ब्रेकच्या टाकीत बोट बुडवून काळपट द्रव आम्हांस दाखविला आणि म्हणाले, “मास्साब, तेल तो पानी हो गया है.” हा अलंकार नव्हता. ब्रेकचा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ जातीचा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ही मर्यादा १५५ अंशांवर उतरू शकते. घाटात ब्रेक तापले, द्रव उकळला, नळीत वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून आमच्या पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोचलाच नाही. गाडी निवाली, वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि पेडल घट्ट लागले. हा द्रव दर दोन वर्षांनी बदलावयाचा असतो आणि त्यास जो खर्च येतो, त्यात आमच्या एका आसनाची गवसणीही झाली नसती. पूर्वीच्या मालकाने तो कधी बदलला होता याची कोठेही नोंद नव्हती. आम्हीही विचारले नव्हते.

त्या दिवसापासून गाडीस आम्ही सेवापुस्तक सुरू केले. सरकारी नोकरीत ज्याचे सेवापुस्तक धड नाही त्याचे निवृत्तिवेतन अडते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. कोणता भाग कोणत्या तारखेस, किती किलोमीटरला, कोणाच्या हातून बदलला हे लिहून कारागिराची सही घ्यावयाची. उस्ताद प्रथम हसले. आता वही नेली नाही तर तेच मागतात.

पहिल्याच वर्षी त्या वहीत पुष्कळ पाने भरली. या घडणीच्या १९९२ नंतरच्या काही वर्षांच्या गाड्यांत यंत्रावरील विजेच्या तारांचे आवरण कालांतराने विरून जाईल अशा पदार्थाचे केले होते. हेतू चांगला असेल. पण यंत्राच्या उष्णतेने ते कडक होते आणि पापडासारखे तुकडे पडतात. आमची गाडी सिग्नलपाशी थरथरून बंद पडे, तिचे कारण हे निघाले. सबंध नवा जुडगा घ्यावा लागला. वर्षातला सर्वांत मोठा खर्च तोच, आणि त्यापायी घरातील रंगकाम पुढे ढकलले गेले.

पाण्याची गोष्ट आम्हा इंदूरकरांस विशेष लागू आहे. नळास नर्मदेचे पाणी येते, तरी पुष्कळ घरांत कूपनलिकेचेही असते, आणि काळ्या खडकातले ते पाणी किती जड असते हे बादलीच्या कडा सांगतात. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणून रेडिएटरमध्ये शीतक द्रव आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी निम्मे-निम्मे घालावे. नुसत्या पाण्यावर चालविल्यास यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या भागास गंज धरतो. कमी झाले की वरून पाणी ओतत राहणे ही आपली जुनी सवय. कमी का झाले, ते शोधावे. गरम असताना झाकण उघडू नये, हेही सांगून ठेवतो. आमच्या शाळेतील एका शिक्षकांचा हात भाजला आहे.

टायरची नक्षी पाहून लोक समाधान पावतात. आमच्या टायरांची नक्षी उत्तम होती, कारण गाडी वर्षानुवर्षे उभी होती. टायरच्या कडेस चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३११ असे होते, म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. रबराला बारीक भेगा गेलेल्या होत्या. चारही टायर बदलले. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते इतक्या जुन्या रबरास मानवत नाही. यंत्राचे तेल आम्ही वर्षातून एकदा, गाडी धावो वा न धावो, बदलतो. उभ्या गाडीचे तेल खराब होत नाही, हा समज चुकीचा आहे.

कागदपत्रांचे तेवढे राहिले. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. खरेदीपूर्वी ती तारीख अवश्य पाहावी.

चिरंजिवांनी मध्यंतरी गाडी विकण्याचा विषय काढला होता. घाटातली गोष्ट तेव्हाच मातोश्रींच्या कानी गेली. त्या एवढेच म्हणाल्या, “मग त्या दिवशी चहा का नाही पाजलास रे?” विकण्याचे मागे पडले. मे २०२४ मध्ये ब्रेकच्या द्रवाची दुसरी नोंद वहीत झाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्ही सर्वजण पुन्हा धुळ्यास निघालो. खलघाटापाशी गाडी थांबविली आणि मातोश्रींना प्रथम चहा दिला.