नळाच्या बिलातील पैसा कोणत्या पेटीत जातो?

मार्चअखेर जवळ आली की वसुली पथकांच्या फेऱ्या बाजारपेठेत सुरू होतात. घरपट्टी, पाणीपट्टी, थकबाकी आणि तिच्यावरची शास्ती असा आकडा हातात पडतो. व्यापारी कुरकुरतो, कारागीर हप्ता मागतो आणि दोघेही शेवटी पैसे भरतात. मात्र पाणीपट्टीचा हा दर कोणी ठरविला, कशाच्या आधारे ठरविला आणि गोळा झालेला पैसा पाण्यावरच खर्च होतो काय, हे प्रश्न फार थोडे लोक विचारतात. दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

कर वेगळा, किंमत वेगळी

परभणी नगरपरिषदेची 1 नोव्हेंबर 2011 रोजी महानगरपालिका झाली. सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेड, सोनपेठ व पूर्णा येथे नगरपरिषदा आहेत. नगरपरिषदांना 1965 चा कायदा लागू होतो, तर महापालिकेला 1949 चा. 1949 च्या कायद्यात पाण्याचे पैसे घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग पाणीपट्टी या कराचा. हा कर मालमत्तेच्या करयोग्य मूल्यावर टक्केवारीने बसतो. दुसरा मार्ग कराऐवजी मीटरच्या मापाने किंवा ठरावीक आकार लावून पाण्याची किंमत घेण्याचा. करांचे पुढील वर्षाचे दर महापालिकेने 20 फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावेत, असेही कायदा सांगतो. म्हणजे मार्चमध्ये बिल हातात घेऊन ओरड करण्यापेक्षा जानेवारीत निवेदन देणे अधिक उपयोगी ठरते.

कर आणि शुल्क यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. कर सर्वसाधारण खर्चासाठी असतो, तर शुल्क दिलेल्या सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते. पुढे 1983 साली बाजार शुल्काविषयीच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की शुल्क आणि सेवा यांची पैशा-पैशाची बरोबरी लागत नाही, मात्र दोहोंत वाजवी संबंध असला पाहिजे. बाजार समितीत माल आणणाऱ्या आपल्या अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना हा मुद्दा नवा नाही.

ठोक दराचा बोजा कोणावर?

मराठवाड्यातील बहुतेक शहरांत अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठोक रक्कम आकारण्याची पद्धत रूढ आहे. घरगुती नळाला कमी आणि व्यापारी नळाला जास्त, एवढाच फरक. वापर मोजला जात नाही. समजा, व्यापारी नळाची ठोक रक्कम वर्षाला 3,000 रुपये आहे. केशकर्तनालयाला रोज 200 लिटर पाणी लागते, तर गाड्या धुण्याच्या केंद्राला 2,000 लिटर. पहिल्याला हजार लिटरमागे सुमारे 41 रुपये पडतात, दुसऱ्याला फक्त 4 रुपये. जेवढा धंदा लहान, तेवढे पाणी महाग. चहाचे हॉटेल, रंगारी, बेकरी, लॉन्ड्री अशा धंद्यांनी आपले गणित स्वतः मांडून पाहावे. त्यात रोज पाणी येत नसेल तर टँकरचा आणि जारचा खर्च वेगळाच.

यावर उपाय मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दर हा आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूर नगरपंचायतीने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले. कमी वापर करणाऱ्याला कमी दर आणि जास्त वापरणाऱ्याला चढता दर अशी तेथील रचना आहे. लहान गावाला हे जमले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पैसा इकडून तिकडे

परभणीला पूर्णा नदीवरील राहाटी बंधाऱ्यातून आणि जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणातून पाणी येते. हे पाणी उचलण्याची वीज, जलसंपदा विभागाला द्यावयाची पाण्याची किंमत, तुरटी, क्लोरिन, कर्मचारी आणि गळती यांचा खर्च दरवर्षी ठरलेला आहे. धरणाच्या पाण्याचे ठोक दर 2005 च्या कायद्याने स्थापन झालेले राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. त्यावर शहराचा अधिकार चालत नाही.

वसुली खर्चाला पुरली नाही की तूट सर्वसाधारण निधीतून भरावी लागते. मग रस्ते, गटारी आणि दिवाबत्तीला पैसा उरत नाही. हा निधी पूर्वी जकातीवर उभा होता. 1999 मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात गेली. महापालिकांत नंतर आलेला एलबीटीही 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांना माफ झाला. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि महापालिका राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिल्या. त्यामुळे घरपट्टी-पाणीपट्टीवरील ताण वाढला.

उलटा प्रकारही घडतो. मुंबईत बेस्टने अनेक वर्षे बससेवेचा तोटा आपल्या वीजग्राहकांच्या बिलातून वसूल केला. ही वसुली 2016 मध्ये थांबली. ज्याने दिवा लावला त्याने बसचे भाडे का भरावे, असा साधा प्रश्न होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रोझव्हिल शहराने पाणी, सांडपाणी व कचरा विभागांच्या अंदाजपत्रकातून 4 टक्के रक्कम सर्वसाधारण निधीत वळविली होती. सेवेच्या खर्चापेक्षा जास्त शुल्क घेऊ नये, असा नियम तेथील मतदारांनी 1996 साली करून घेतला होता. त्याच्या आधारे न्यायालयाने 2002 मध्ये ही वळवणूक बेकायदा ठरविली.

पैसा कोणत्याही दिशेने जावो, तो नागरिकाला दिसला पाहिजे. मुंबई महापालिका पाणीपुरवठा व मलनिःसारणाचा 'जी' अर्थसंकल्प स्वतंत्र मांडते. त्यामुळे पाण्याची जमा आणि पाण्याचा खर्च एका जागी वाचता येतो. तेथे 2012 पासून खर्चवाढीच्या प्रमाणात, पण वर्षाला जास्तीत जास्त 8 टक्के दरवाढीचे सूत्र आहे. सूत्र पटो वा न पटो, त्यावर वाद घालता येतो. आकडाच नसेल तर वाद कशावर घालणार?

व्यापारी बांधवांनी काय करावे?

केवळ 'दर कमी करा' अशी मागणी पुरेशी नाही. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) 4,050 रुपयांपर्यंत पोहोचलेली घरगुती पाणीपट्टी 2022 मध्ये निम्म्यावर आणली गेली. ग्राहकाला दिलासा मिळाला, पण पाणी आणण्याचा खर्च काही निम्मा झाला नाही. फरक कोठून तरी भरावाच लागतो. म्हणून मागणी हिशेबाची असावी.

पहिली गोष्ट, माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यानुसार 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा. मागील तीन वर्षांची पाणीपट्टीची मागणी, प्रत्यक्ष वसुली, विजेचा खर्च, जलसंपदा विभागाची देणी आणि व्यापारी नळांची संख्या मागावी. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे.

दुसरी गोष्ट, पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानातील 30 टक्के रक्कम पाण्यासाठी बांधून दिली होती. ती कोणत्या कामावर खर्च झाली, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट, लहान दुकानदार आणि कारागिरांसाठी मीटरचा किंवा वेगळ्या टप्प्याचा दर मागावा. त्यासाठी एकट्याने अर्ज करण्यापेक्षा बाजारपेठेतील सर्व जातिधर्मांच्या दुकानदारांनी मिळून निवेदन द्यावे. नळाला धर्म नसतो आणि ठोक दर सर्वांनाच सारखा जाचतो.

चौथी गोष्ट, थकबाकी ठेवू नये. शास्ती दरमहा 2 टक्क्यांनी चढते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. तक्रार असली तरी बिल 'हरकत राखून' भरावे आणि पावती जपून ठेवावी. थकबाकीदाराच्या प्रश्नाला कार्यालयात वजन राहत नाही. ज्याच्या हातात पावती आहे, त्याला हिशेब मागण्यापासून कोणी अडवू शकत नाही.