हेडर बसवावा का? जुनी गाडी आणि ‘हीच ती’चा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणालं, सर, तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगण्याशी संबंध काय? आज त्याचं उत्तर आमच्या घरातल्या एका भांडणातून देतो. भांडण एका लोखंडी नळीवरून आहे.

आमच्याकडे १९७३ सालची फियाट आहे. वडिलांनी घेतलेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची. तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. कंधारहून लोह्यामार्गे नांदेडला आम्ही तिच्यातून कितीदा गेलो, याचा हिशेब नाही.

आमची नात नांदेडला अभियांत्रिकी शिकते. ती म्हणते, आजोबा, या गाडीला हेडर बसवू या. आम्ही नाही म्हणालो. तिनं विचारलं, का? आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. नुसता ‘नाही’ हे उत्तर नव्हे. म्हणून बसून विचार केला. तो आपल्यापुढे मांडतो.

आधी हेडर म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर बाहेर पडतो. मूळ गाडीत चारही सिलिंडरचा धूर ओतीव लोखंडाच्या एका आखूड मॅनिफोल्डमध्ये येतो आणि तिथून सायलेन्सरकडे जातो. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असतो. म्हणजे तीन नंबरच्या पाठोपाठ त्याचा शेजारी चार नंबर धूर सोडतो. आखूड वाटेत दोघांची गर्दी होते, एकाचा धूर दुसऱ्याच्या दाराशी अडतो. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत उठायच्या आत दुसरी आत घुसली की जे होतं, तेच.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब नळी असते. या नळ्या पुढे जाऊन एकत्र येतात. धुराच्या झोताबरोबर नळीतून दाबाची लाट जाते आणि टोकाशी पोचल्यावर कमी दाबाची लाट उलटी परत येते. ती व्हॉल्व्ह उघडा असतानाच पोचली, तर आतला उरलासुरला धूर ओढून काढते. पण बरं का, ही वेळ नळीच्या लांबीवर ठरते, म्हणून फायदा ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच मिळतो. नात इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे.

आता हिशेब. समजा ताकद पाच टक्क्यांनी वाढली. चाळीसवर पाच टक्के म्हणजे दोन अश्वशक्ती. तीही कार्बोरेटरचे जेट नव्या प्रवाहाला जुळवून घेतले तर. नाही जुळवले तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. शिवाय हेडरच्या नळ्या पातळ पत्र्याच्या, त्या बॉनेटखाली जास्त उष्णता सोडतात. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात काय ऊन असतं, हे सांगायला नको. जुन्या गाड्यांत पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडायची, मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून रस्त्याच्या कडेला बसायचं. हे आपल्यातल्या अनेकांनी केलेलं आहे. दोन अश्वशक्तीसाठी ते फडकं परत आणायचं का?

इथपर्यंत झालं यंत्राचं. नात म्हणाली, हे सगळं पटलं आजोबा, पण तुमचं खरं कारण हे नाही. तुम्हाला वाटतं, हेडर लावला की ती पणजोबांची गाडी राहणार नाही. लेकरू हुशार आहे. खरंच तेच कारण होतं.

मग प्रश्न असा, की ‘तीच गाडी’ म्हणजे काय? मिलिंदपञ्हामध्ये नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. शेवटी निघतं ते असं, की या भागांच्या आधारानं आपण ‘रथ’ हे नाव वापरतो, त्यापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, अवयवांहून वेगळा अवयवी असतो. मात्र त्यांच्या मते एक अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होतो, नवा जन्मतो. म्हणजे नैयायिकांच्या हिशेबानं आमची फियाट पहिल्यांदा क्लचप्लेट बदलली तेव्हाच गेली!

दोघांचंही ऐकलं, तर हेडरला नकार द्यायला मूळपणाचं कारण पुरत नाही. टायर, बॅटरी, प्लग आम्ही कितीदा बदलले, तेव्हा गाडी परकी वाटली नाही. मग काय बदललं की परकी वाटते?

इथे आमची एक चूक सांगतो. पूर्वी या गाडीला पुढे सलग सीट होतं आणि गिअर स्टिअरिंगजवळ. त्या सीटवर वडील गाडी चालवत, शेजारी आई, मध्ये आम्ही. पुढे कंबर दुखते म्हणून आम्ही दोन वेगळी सीटं बसवली आणि जुनं सीट भंगारात दिलं. कंबर बरी झाली. पण आज ते सीट कुठेच नाही. तसं सीट मिळेलही, ते मात्र मिळणार नाही. आमचं दुःख बदल केल्याचं नाही, परतीची वाट बंद केल्याचं आहे.

जुन्या वास्तूंचे जाणकार हाच नियम पाळतात. आपल्या किल्ल्यासारख्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापलं, तर ओल आत कोंडते, आणि सिमेंट काढायला गेलं की दगडाचा टवका निघतो. दुरुस्ती अशी हवी, की पुढच्या पिढीला ती उलटवता यावी.

कायद्याचंही बघा. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि एकदा तशी नोंदली, की रोजच्या वापराला मनाई. म्हणजे ‘जपायची की चालवायची’ हा नातीचा प्रश्न सरकारनंही विचारूनच ठेवलाय.

तर आमचा निर्णय असा. आधी मिस्त्रीकडून मॅनिफोल्ड तपासायचा. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो का, गॅस्केटपाशी काजळी दिसते का. नुसतं गॅस्केट गेलं असेल तर नवं टाकायचं, तोंड वाकलं असेल तर लेथवर सपाट करून घ्यायचं. तडा असेल तर मूळ मॅनिफोल्ड शोधायचा. नाहीच मिळाला, तर हेडर बसवायचा, पण सायलेन्सर मूळचाच, आवाज वाढता कामा नये, बॉडी कुठेही कापायची नाही, आणि जुना मॅनिफोल्ड तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवायचा.

नातीनं हे ऐकलं आणि विचारलं, चिठ्ठीवर काय लिहायचं? आम्ही म्हणालो, तूच लिही. माळ्यावरून तो खाली काढायची वेळ आली, तर काढणारी तूच असणार.