‘गाडी चालवता का?’

आमच्या बाबांची औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. परवा तो डबा जेवणाच्या टेबलावर पालथा केला, तर आतून निघाले स्ट्रिपचे कापलेले, बोटाला टोचणारे तुकडे. एकावर औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं, दुसऱ्यावर नुसती किंमत, तिसऱ्यावर मेडिकलवाल्याने बॉलपेनने लिहिलेलं ०-०-१. कोणती गोळी कशाची, हे बाबा रंगावरून सांगतात. ‘ती पिवळी प्रेशरची, ती बारकी झोपेची.’

डबा उघडायला कारण झाला एक सिग्नल. बाबा ७२ वर्षांचे, पुण्यात आजही रोज ॲक्टिव्हावर फिरतात. म्हात्रे पुलाजवळ सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गजर केला, तरी हे जागचे हलले नाहीत. झोप लागली नव्हती, असं त्यांचं म्हणणं. ‘हिरवा दिसला रे, पण त्याचं करायचं काय, तेच सुचेना.’ हे त्यांनी हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही.

आदल्या रात्री त्यांनी झोपेची गोळी घेतली होती, क्लोनाझेपाम. सकाळी नाक गळायला लागलं म्हणून कोपऱ्यावरून सर्दीची गोळी आणली. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, आणि ते मेंदूला गुंगी आणतं. क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आजची गोळी कालच्या उरलेल्या गोळीवर चढते. त्यात वय झालं की मूत्रपिंडं आणि यकृत यांचं काम मंदावतं, शरीरात चरबीचा वाटा वाढतो आणि चरबीत विरघळणारी औषधं तिथे मुक्काम ठोकतात. मेंदूही अशा औषधांना जास्त दाद देऊ लागतो. चाळिशीत पचलेली गोळी सत्तरीत तशीच पचेल असं धरून चालता येत नाही.

झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. सकाळी उठून गाडी चालवायच्या वेळीही काहींच्या रक्तात ते पुरेसं उरत होतं. आणि ‘मला काही होत नाही’ याला पुरावा म्हणून किंमत नाही. गुंगीत सगळ्यात आधी बोथट होते ती गुंगी ओळखण्याचीच शक्ती.

गुंगी न आणताही औषध घात करू शकतं. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची नेहमीची गोळी. संकष्टीचा उपास, सकाळी सवयीने घेतलेली गोळी आणि चंद्रोदयाआधी मोदकाचं सामान आणायला काढलेली स्कूटर, एवढ्यात साखर उतरू शकते. हात थरथरणं, छातीत धडधडणं हे तिचे इशारे. पण तोच माणूस रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असेल तर हे इशारे दबतात, बहुधा घाम तेवढा फुटतो. मे महिन्यात घामाकडे कोण लक्ष देतं? पार्किन्सनवरच्या प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांनी तर काहींना बोलता बोलता, पूर्वसूचना न देता झोप लागते. चक्कर थांबवायला दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही पेंग येते, ही त्यातली गंमत. आणि चारचाकीत पेंगुळलेला माणूस निदान बसलेला असतो. दुचाकीवर सिग्नलला वेग शून्य होतो तेव्हाच तोल जातो.

फ्रान्समध्ये अशा औषधांच्या खोक्यांवर गाडीचं चित्र असलेला त्रिकोण छापतात. पिवळा म्हणजे जपून, नारिंगी म्हणजे आधी डॉक्टरांना विचारा, लाल म्हणजे गाडी नकोच. आपल्याकडे झोल्पिडेमसारख्या ‘एच-वन’ या सरकारी यादीतल्या औषधांवर लाल चौकट असते, पण तिच्यातला मजकूर ‘डॉक्टरी सल्ल्याशिवाय घेऊ नका’ एवढ्यापुरता. गाडीचा उल्लेख नाही. आणि कात्री फिरली की ती चौकटही दुकानातल्या अर्ध्या तुकड्यावर राहू शकते.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी नेमकी मर्यादा सांगतं. अंमली द्रव्याचा उल्लेख त्यातही आहे, पण नाक्यावरच्या पोलिसाच्या यंत्रात फुंकून गोळी काही सापडत नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. त्यासाठीच्या अर्जात फिट येते का, चक्कर येते का, २५ मीटरवरची नंबरप्लेट दिसते का, असे प्रश्न आहेत. रोज कोणत्या गोळ्या घेता, हा रकाना नाही. डॉक्टर मीठ विचारतात, साखर विचारतात, जिने चढता का विचारतात. सत्तरीचा माणूस चालक असेल हे त्यांच्या मनात येत नसावं. आणि चालक स्वतःहून बोलत नाही. तपासणीच्या खुर्चीत बाबा ताठ बसून ‘एकदम ठणठणीत’ म्हणतात, कारण किल्ली जाईल ही भीती.

म्हणून यावेळी मी अख्खा डबाच नेला. आमच्या डॉक्टरांनी तुकडे जुळवत पहिल्यांदा विचारलं, ‘गाडी चालवता का?’ बाबा म्हणाले, ‘कधीमधी.’ मी खोकलो.

झोपेची गोळी घरच्या घरी बंद करू नका, एकदम सोडली तर फिट येऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलं. ती टप्प्याटप्प्याने कमी करायची ठरलं. सर्दीसाठी फेक्सोफेनाडिन दिलं, त्याने पेंग क्वचितच येते. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की काही दिवस रिक्षा, हे बाबांनी तोंड वाकडं करून मान्य केलं.

काल मेडिकलमध्ये त्यांनी कात्री उचलणाऱ्या पोऱ्याला थांबवलं. ‘कापायचीच तर नाव असलेली बाजू मला दे.’

तो म्हणाला, ‘काका, मग उरलेली कुणाला विकू?’