लाकडी फ्लोअरिंग आणि लॅबचे केस

शेजारच्या काकूंनी विचारलं, "घरात लॅब्रॅडॉर, खाली लाकूड, मग केस दिसत कसे नाहीत गं?"

केरसुणी वापरतच नाही! तिने हलके केस उडतात, आपली पाठ वळली की पुन्हा खाली बसतात. कोरडा मायक्रोफायबर मॉप फिरवा. घासताना त्यावर स्थिर वीज तयार होते, केस चिकटून येतात.

व्हॅक्यूमचा फिरणारा ब्रश बंद ठेवा, नाहीतर ओरखडे.

ओला मॉप शेवटी, तोही घट्ट पिळून. सांध्यांत पाणी मुरलं की लाकूड फुगतं.

खरी मेहनत मात्र कुत्र्यावर. लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ऋतू बदलताना आतली लव भरपूर गळते. तेव्हा रोज बाल्कनीत ब्रश करा. भादरू मात्र नका, प्लीज!